'द क्लॅश'चं सर्वांत चांगलं गाणं कोणतं? मतदानाआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर वर्षी डिसेंबरमध्ये आम्ही काही मित्रमैत्रिणी एका बँडची सगळी गाणी ऐकून काढतो आणि मत देतो. या वेळी पाळी लंडनच्या 'द क्लॅश' या पंक (वेगवान, बंडखोर रॉक) बँडची आहे. निरोप गेल्यापासून तेच तेच प्रश्न येत आहेत, म्हणून उत्तरं एकत्र लिहून ठेवली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण या बँडविषयी मला थोडक्यात बोलता येत नाही.

मत कसं द्यायचं?

तीन गाणी, पसंतीच्या क्रमाने. पहिल्याला 3 गुण, दुसऱ्याला 2, तिसऱ्याला 1. प्रत्येक गाण्यापुढे एक ओळ लिहायची: हेच का? कारण नसलेलं मत आम्ही परत पाठवतो. कारण मोठं असण्याची गरज नाही. 'ढोल ऐकून अंगावर काटा येतो' हेही चालेल.

एकच गाणं का निवडायचं नाही? सरळ बहुमत घ्या ना.

दोन वर्षं तसंच करून पाहिलं. एकच मत असलं की माणूस सगळ्यांच्या ओळखीचं गाणं लिहून मोकळा होतो. समजा, तीस जणांनी मत दिलं. दहा जणांची पहिली पसंती 'शुड आय स्टे ऑर शुड आय गो', बाकीच्या वीस जणांची पहिली पसंती दहाबारा गाण्यांत विखुरलेली. एकच मत असेल तर निकाल तिथेच लागला. पण त्या वीसपैकी चार जणांनी '(व्हाइट मॅन) इन हॅमरस्मिथ पॅले' पहिलं लिहिलंय आणि चौदा जणांनी दुसरं, असं असेल तर? 'शुड आय स्टे'चे गुण होतात 30 आणि 'हॅमरस्मिथ पॅले'चे 12 अधिक 28, म्हणजे 40. जास्त लोकांच्या मनात जे गाणं होतं ते वर आलं. एवढ्यासाठी ही आकडेमोड.

तीन गाण्यांची कल्पना आमची नाही. बीबीसी रेडिओवर निवेदक जॉन पील 1976 पासून वर्षअखेरीला श्रोत्यांच्या मतांवर पन्नास गाण्यांची यादी वाजवायचे, 'फेस्टिव्ह फिफ्टी' नावाची. तिथे श्रोते तीन गाणी कळवायचे. पहिल्या वर्षी अव्वल आलं लेड झेपलिनचं 'स्टेअरवे टू हेवन'. 1978, 1979 आणि 1980 अशी सलग तीन वर्षं अव्वल राहिलं सेक्स पिस्टल्सचं 'अ‍ॅनार्की इन द यूके'. आठ मिनिटांच्या भव्य रॉक गाण्यापासून साडेतीन मिनिटांच्या आरोळीपर्यंत ऐकणाऱ्यांचे कान दोन वर्षांत कसे बदलले, हे त्या यादीत स्वच्छ दिसतं. चाहत्यांच्या मतदानाला मी वेळ देतो तो याचसाठी. गाणं किती चांगलं आहे, याचबरोबर त्या वेळी लोक काय ऐकत होते याचीही त्यात नोंद राहते.

कोणती गाणी पात्र आहेत?

बँड 1976 मध्ये जमला आणि 1986 मध्ये संपला. त्या काळात 'द क्लॅश' या नावाने निघालेलं प्रत्येक गाणं पात्र आहे. सहा स्टुडिओ अल्बम: 'द क्लॅश' (1977), 'गिव्ह एम इनफ रोप' (1978), 'लंडन कॉलिंग' (1979), 'सँडिनिस्टा!' (1980), 'कॉम्बॅट रॉक' (1982), 'कट द क्रॅप' (1985). शिवाय अल्बममध्ये नसलेले सिंगल्स आणि त्यांच्या मागच्या बाजूची गाणी.

सिंगल्स विसरू नका. या बँडची काही अव्वल गाणी इंग्लंडमध्ये कोणत्याच अल्बममध्ये आली नव्हती. 'कम्प्लीट कंट्रोल', 'हॅमरस्मिथ पॅले', 'बँकरॉबर' ही सगळी सुटी निघालेली. फक्त अल्बम लावून बसलात तर ती हातून निसटतील.

पहिल्या अल्बमच्या दोन याद्या सापडतात. खरी कुठली?

दोन्ही खऱ्या. इंग्लंडमध्ये तो 1977 मध्ये निघाला. अमेरिकेत 1979 मध्ये आला तेव्हा कंपनीने 'डिनाय', 'चीट', 'प्रोटेक्स ब्लू', '48 अवर्स' ही गाणी काढून मधल्या काळातले सिंगल्स घातले. मत गाण्याला असल्यामुळे यादीने फरक पडत नाही. 'व्हाइट रायट'ची दोन ध्वनिमुद्रणं आहेत. त्यांची मतं एकत्र मोजू. मैफिलीतल्या ध्वनिमुद्रणाला मत दिलंत तर ते मूळ गाण्याच्याच खात्यात जाईल.

दुसऱ्यांची गाणी त्यांनी गायली, ती चालतील का?

चालतील. यावर आमच्यात बराच वाद झाला. 'आय फॉट द लॉ' सॉनी कर्टिसने लिहिलेलं, 'पोलीस अँड थीव्ज' ज्युनिअर मर्विनचं, 'ब्रँड न्यू कॅडिलॅक' व्हिन्स टेलरचं, 'पोलीस ऑन माय बॅक' एडी ग्रँटने 'द इक्वल्स'साठी केलेलं. 'आय फॉट द लॉ' तर बँडचे दोन गायक-गिटारवादक जो स्ट्रमर आणि मिक जोन्स यांनी सॅन फ्रान्सिस्कोत ध्वनिमुद्रण चालू असताना ज्यूकबॉक्सवर ऐकलं आणि सोबत आणलं.

माझं म्हणणं असं की 'पोलीस अँड थीव्ज' वगळलं तर या बँडची गोष्टच अर्धी राहते. 1977 मध्ये आपल्या पहिल्याच पंक अल्बममध्ये, दोन-दोन मिनिटांच्या गाण्यांच्या गर्दीत, त्यांनी जमैकाचं एक रेगे गाणं सहा मिनिटं वाजवलं. लंडनच्या ज्या वस्त्यांत ही मुलं राहत होती, तिथे शेजारच्या खिडकीतून हेच संगीत येत होतं. ते त्यांनी कान देऊन ऐकलं आणि मग आपल्या गिटारवर, आपल्याला जमेल तसं वाजवलं. पुढच्या पाच वर्षांत त्यांनी जे काही मोठं केलं, त्याचं मूळ मला या ऐकण्यात दिसतं.

स्ट्रमरचं 'भिंडी भागी' घेता येईल का? आपल्या भेंडीच्या भाजीवरचं गाणं आहे!

नाही, आणि हे लिहिताना मला खरंच वाईट वाटतं. ते 2001 मधलं, त्याच्या नंतरच्या 'मेस्कलेरोज' या बँडचं. न्यूझीलंडहून नुकताच आलेला एक माणूस रस्त्यात त्याला मटारचा लगदा कुठे मिळेल असं विचारतो, आणि स्ट्रमर त्याला या भागात काय काय खायला मिळतं त्याची यादीच ऐकवतो. मतासाठी चालणार नाही, पण ऐका. स्ट्रमरचे वडील लखनौला जन्मलेले आणि पुढे ब्रिटिश परराष्ट्र सेवेत. तो स्वतः 1952 मध्ये तुर्कस्तानात अंकाराला जन्मला. घराचा पत्ता सतत बदलत राहिलेल्या माणसाने हे गाणं लिहिलंय, ते ऐकताना कळतं.

मिक जोन्सच्या नंतरच्या 'बिग ऑडिओ डायनामाइट' या बँडलाही हाच नियम.

शब्द कळत नाहीत. तरी मत देऊ का?

द्या, पण तीन गाणी निवडल्यावर त्यांचे शब्द समोर ठेवून एकदा ऐका. स्ट्रमरचे उच्चार इंग्रजी मातृभाषा असलेल्यांनाही धड कळत नाहीत, तेव्हा संकोच नको. मी स्वतः कितीतरी वर्षं फक्त ताल ऐकत होतो.

उदाहरण म्हणून 'रॉक द कास्बा' घ्या. पार्टीत वाजतं, सगळे नाचतात. त्यात 'राग' हा आपला शब्द आहे, हे किती जणांनी ऐकलंय? बँडची गाणी लांबत चालली होती, तेव्हा व्यवस्थापक बर्नी ऱ्होड्स वैतागून म्हणाला, प्रत्येक गोष्ट या रागाएवढी लांब असायलाच हवी का? स्ट्रमरने ते उचललं आणि पहिल्या ओळींत राजाच्या तोंडी घातलं: हा राग बंद करा. त्याच सुमारास इराणमध्ये डिस्कोच्या तबकड्या बाळगल्याबद्दल लोकांना फटके मारल्याचं त्याच्या कानावर आलं होतं. त्या दोन गोष्टी जोडून संगीतबंदीवरचं गाणं झालं. संगीत मात्र ड्रमर टॉपर हेडनचं. स्टुडिओत बाकी कोणी आलेलं नसताना त्याने एकट्याने ड्रम, पियानो आणि बेस तिन्ही वाजवून ठेवलं. गाणं अमेरिकेत आठव्या क्रमांकापर्यंत गेलं, पण तोवर हेरॉइनच्या व्यसनापायी हेडनला बँडमधून काढलेलं होतं. चित्रफितीत ड्रमवर दुसराच माणूस दिसतो.

'व्हाइट रायट' हे वर्णद्वेषी गाणं आहे का?

नाही. नाव वाचून अनेक जण दचकतात. ऑगस्ट 1976 मध्ये लंडनच्या नॉटिंग हिल कार्निव्हलमध्ये कृष्णवर्णीय तरुण आणि पोलीस यांच्यात दंगल झाली. स्ट्रमर आणि बेस वाजवणारा पॉल सिमनन तिथे होते. या लोकांना आपल्या हक्कासाठी उभं राहता येतं, मग आम्ही गोरी पोरं गुमान का बसलोय, असा त्या गाण्याचा सवाल आहे. एप्रिल 1978 मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये वर्णद्वेषाविरुद्ध जी प्रचंड मैफल झाली, तिच्यात हा बँड वाजवायला उभा होता.

तरीही हे गाणं मी माझ्या तिनांत घेणार नाही. त्यात जोर आहे, पण सवाल अर्धवट राहतो आणि नाव चुकीच्या माणसांच्याही हाती लागू शकतं. मिक जोन्सलाही पुढे ते वाजवायचा कंटाळा आला होता.

'लंडन कॉलिंग'ला मत देणं म्हणजे सोपा मार्ग नाही का?

अजिबात नाही. प्रसिद्ध आहे म्हणून टाळणं हेही न ऐकणंच झालं.

ते गाणं पुन्हा लावा. बीबीसी युद्धकाळात जगभर प्रसारण करताना ज्या शब्दांनी सुरुवात करायची, तेच शब्द घेऊन हे गाणं संकटाची बातमी देतं. मार्च 1979 मध्ये अमेरिकेत थ्री माइल आयलंडच्या अणुभट्टीत अपघात झाला होता. थेम्सला पूर आला तर लंडन बुडेल ही भीती होती. पूर अडवणारा बांध अजून पुरा व्हायचा होता. स्ट्रमर नदीजवळच राहायचा. शेवटी गिटारमधून मोर्सच्या खुणांत मदतीची हाक येते आणि गाणं तुटतं. माझ्या मते या गाण्याचा कणा आहे सिमननचा बेस. गिटारचे दोन फटकारे बाजूला ठेवून फक्त बेसची चाल ऐका, पाणी चढत असल्यासारखी.

अल्बमविषयीही थोडं. एकोणीस गाणी, दोन तबकड्या आणि किंमत एकीची. मुखपृष्ठावर न्यूयॉर्कच्या मैफिलीत बेस आपटणारा सिमनन आहे, छायाचित्र पेनी स्मिथचं. त्यांना स्वतःला ते छायाचित्र नको होतं, कारण ते अस्पष्ट आलंय. गुलाबी-हिरवी अक्षरं एल्व्हिसच्या पहिल्या अल्बमवरून घेतलेली. शेवटचं 'ट्रेन इन व्हेन' इतकं ऐनवेळी आलं की पाकिटावरच्या यादीत त्याचं नाव नव्हतं. एका साप्ताहिकासोबत मोफत वाटायला म्हणून ते केलं होतं, तो बेत फसला म्हणून अल्बममध्ये आलं. तुमच्या यादीत नाव दिसत नसेल तर गाणं नाही असं समजू नका.

'शुड आय स्टे' हेच त्यांचं सर्वांत यशस्वी गाणं ना?

खपाच्या हिशेबाने इंग्लंडमध्ये तेच. त्यांचं तिथे पहिल्या क्रमांकावर पोचलेलं ते एकमेव गाणं, आणि तेही मार्च 1991 मध्ये, बँड संपून पाच वर्षं झाल्यावर, एका जीन्सच्या जाहिरातीमुळे. 2016 पासून एका अमेरिकी मालिकेमुळे नव्या पिढीलाही ते माहीत आहे. त्यातला मागचा स्पॅनिश आवाज मला फार आवडतो. पण यश हे मताचं कारण म्हणून लिहू नका. तुमच्या कानाला काय झालं ते लिहा.

मी या बँडचं एकही गाणं ऐकलेलं नाही. सुरुवात कुठून करू?

ऐकलेलं नाही असं तुम्हाला वाटतं. मुंबईवरचा 'स्लमडॉग मिलियनेअर' (2008) पाहिलाय? मुलं रेल्वेच्या टपावरून फिरतात तेव्हा एम.आय.ए.चं 'पेपर प्लेन्स' वाजतं. त्यातली ती गिटारची लाट 'कॉम्बॅट रॉक'मधल्या 'स्ट्रेट टू हेल'मधून घेतलेली आहे. लंडनमध्ये वाढलेल्या तमिळ निर्वासिताच्या मुलीने ती उचलली आणि आपल्या आगगाडीवर ती येऊन बसली.

आता मूळ गाणं ऐका. पहिल्या कडव्यात उत्तर इंग्लंडमधल्या बंद पडणाऱ्या पोलाद गिरण्या आणि भाषेवरून हिणवले जाणारे स्थलांतरित. दुसऱ्यात व्हिएतनाममध्ये अमेरिकी सैनिकांनी मागे टाकलेली मुलं, बापाचा फोटो दाखवत मला घेऊन जा म्हणणारी. मग न्यूयॉर्कच्या गल्ल्या. जिथे जाईल तिथे माणसाला एकच उत्तर मिळतं: चालता हो. आणि हे सगळं ओरडून सांगितलेलं नाही. हेडनचा ड्रम ब्राझिलियन वळणाने हलका वाजत राहतो, स्ट्रमर जवळजवळ पुटपुटतो. पंक म्हणजे फक्त वेग आणि आरडाओरडा असं ज्यांना वाटतं, त्यांना मी हे गाणं आधी ऐकवतो. माझी दुसरी पसंती हीच.

त्यानंतर 'द गन्स ऑफ ब्रिक्स्टन'. सिमननने लिहिलेलं आणि स्वतः गायलेलं. त्याची बेसची चाल 1990 मध्ये बीट्स इंटरनॅशनलच्या 'डब बी गुड टू मी'मध्ये पुन्हा आली आणि इंग्लंडमध्ये अव्वल ठरली.

'सँडिनिस्टा!'मध्ये छत्तीस गाणी आहेत. सगळी ऐकायची?

शक्य असेल तर हो, पण एका बैठकीत नको. तीन तबकड्यांच्या सहा बाजू आहेत. रोज एक बाजू घ्या. हा अल्बम स्वस्तात विकता यावा म्हणून बँडने पहिल्या दोन लाख प्रतींवरचं मानधन सोडलं होतं, तेव्हा आपण सहा संध्याकाळी द्यायला हरकत नाही. वेळ नसेलच तर 'द मॅग्निफिसंट सेव्हन', 'समबडी गॉट मर्डर्ड' आणि 'वॉशिंग्टन बुलेट्स' चुकवू नका. पहिलं न्यूयॉर्कचं रॅप ऐकून केलेलं आहे, 1980 मध्ये, जेव्हा इंग्लंडमधल्या बहुतेक रॉक बँडांना रॅप हा शब्दही नीट माहीत नव्हता.

'कट द क्रॅप' सगळे वाईट म्हणतात. मग यादीत का?

कारण त्यात 'दिस इज इंग्लंड' आहे. हेडन गेलेला, 1983 मध्ये जोन्सलाही काढलेलं, अल्बमभर यंत्राचे ढोल आणि गोंगाट. त्या पसाऱ्यात हे एक गाणं थंडीत उभ्या असलेल्या माणसासारखं आहे. बाकीचा अल्बम मीही पुन्हा लावत नाही.

आयोजकाचं मत कोणाला?

लपवत नाही. 'हॅमरस्मिथ पॅले'. जून 1978 चं सिंगल, इंग्लंडमध्ये 32 व्या क्रमांकापर्यंतच गेलेलं.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी ते पुढे ढकललं होतं. वेग नाही, मला पहिल्या अल्बममधल्या वेगवान 'जेनी जोन्स'सारखं काहीतरी हवं होतं. पुढे शब्द वाचले. स्ट्रमर एका रात्री हॅमरस्मिथ पॅले या लंडनच्या नाचघरात रेगेच्या मोठ्या कार्यक्रमाला जातो. डिलिंजर, लेरॉय स्मार्ट, डेलरॉय विल्सन गाणार असतात. गर्दीत गोरा चेहरा जवळजवळ त्याचाच. बंडाची गाणी ऐकायला मिळतील या आशेने तो गेलेला, आणि मंचावर चकचकीत करमणूक चालू आहे. इथे दुसरा कोणी असता तर गायकांना नावं ठेवून मोकळा झाला असता. हा तसं करत नाही. तो आजूबाजूच्या काळ्या तरुणांना पाहतो, मग गोऱ्या तरुणांना, मग नवे सूट घालून बंडाचा पैसा करणाऱ्या नव्या बँडांना, मग देशात वाढणाऱ्या फॅसिस्टांना. आणि शेवटी स्वतःवर येतो: मी तर इथे फक्त थोडी मजा शोधत आलो होतो. ज्या रेगेविषयी तो गातोय, तोच ताल गाणं पकडून ठेवतं, मध्ये हार्मोनिका येते.

दुसऱ्याच्या घरी जाऊन गप्प उभं राहणं, पाहणं, आणि आपण चुकीची अपेक्षा घेऊन आलो होतो हे कबूल करणं. पंक बँडने, पंक ऐन भरात असताना, असं गाणं सिंगल म्हणून काढायला मोठी हिंमत लागते. त्याच वर्षीचं 'सेफ युरोपियन होम'ही या शेजारी ठेवून ऐका: जोन्स आणि स्ट्रमर रेगेच्या ओढीने जमैकाला गेले आणि तिथे भेदरून हॉटेलात बसले, तेही त्यांनी जसंच्या तसं गाण्यात घातलं. ती माझी तिसरी पसंती.

माझी मतं मोजणीत इतरांएवढीच धरली जातील.

गुण सारखे झाले तर?

ज्याला पहिल्या पसंती जास्त ते वर. तिथेही बरोबरी झाली तर दोघांचा क्रमांक एकच.

मित्रांना सांगून एका गाण्याला मतं मिळवू का?

गाणं ऐकवा, खुशाल आग्रह करा. फक्त न ऐकता यादी उतरवायला सांगू नका. कारणाची ओळ वाचली की ते कळतं.

शेवटची तारीख? निकाल कधी?

मतं 14 डिसेंबरपर्यंत. इंग्लंडमध्ये 'लंडन कॉलिंग' अल्बम त्या दिवशी निघाला होता. ज्याने तुम्हाला हे पाठवलं त्याच्याकडेच मत द्या.

निकाल 22 डिसेंबरला. 2002 मध्ये त्या दिवशी स्ट्रमर गेला, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, हृदयात जन्मापासून असलेल्या आणि कधी न कळलेल्या दोषामुळे. त्याच्या जेमतेम पाच आठवडे आधी, 15 नोव्हेंबरला, लंडनमधल्या अ‍ॅक्टन टाउन हॉलमध्ये संपावर गेलेल्या अग्निशामक जवानांसाठी तो गात होता. मिक जोन्स प्रेक्षकांत होता. 'बँकरॉबर' सुरू झालं आणि जोन्स उठून मंचावर चढला. एकोणीस वर्षांनी दोघे एकत्र वाजवत होते. त्या रात्री 'व्हाइट रायट' आणि 'लंडन्स बर्निंग'ही झालं.

म्हणून निकालाच्या संध्याकाळी दहाव्या क्रमांकापासून पहिल्यापर्यंत गाणी लावण्याआधी आम्ही 'बँकरॉबर' वाजवतो, ते यादीत आलेलं असो वा नसो. सात वाजता सुरू करू. प्रत्येक गाण्याआधी त्याला मिळालेली कारणं मोठ्याने वाचली जातील, नावांशिवाय.